आजाऱ्याच्या घरी पुन्हा कोण जाणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या उपासक समुदायांच्या, सेवाकार्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागतात. कुठे कपड्यांचे वाटप, कुठे वृद्धाश्रमाला भेट, कुठे रुग्णालयात गीतगायन. ही कामे मनापासून केलेली असतात. पण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे डिसेंबरातल्या एका दुपारी वीस जण येऊन गेले आणि पुढच्या डिसेंबरापर्यंत त्याचे दार कोणी वाजवलेच नाही, तर त्याला एकटेपणा आधीपेक्षा जास्त बोचतो. घरी पडून असलेल्या रुग्णाची भेट मंडळीने वर्षभर कशी चालवावी, ती कुठे आणि का बिघडते, हे ते काम करणाऱ्यांच्या बाजूने मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

बऱ्याच मंडळ्यांत सेवा एका समितीकडे, सुवार्ताकार्य (ख्रिस्ताचा संदेश सांगणे) दुसऱ्या समितीकडे आणि प्रार्थना तिसऱ्या गटाकडे असते. या वाटणीला आधार म्हणून बायबलमधल्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय ६ दाखवला जातो. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती, तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांत राहण्याचे ठरवले. पण त्याच अध्यायात पुढे त्या सातांपैकी स्तेफन वचनाविषयी वाद करताना दिसतो आणि आठव्या अध्यायात सातांपैकीच फिलिप्प शोमरोन (समारिया) प्रांतात ख्रिस्ताची घोषणा करतो. म्हणजे कामे वाटली होती, तरी मध्ये भिंत घातलेली नव्हती. रुग्णाच्या खाटेशी बसल्यावर तर ती भिंत टिकतच नाही. तिथे पाणी पाजणारा हात, तोंडातले शब्द आणि मनातली प्रार्थना एकाच माणसाची असते.

नुसत्या उत्साहाने हे काम का चालत नाही, याचे उत्तर १६१७ साली फ्रान्समधल्या शातीयाँ या गावात मिळाले. एका घरातली सगळी माणसे आजारी आहेत हे कळल्यावर तिथले धर्मगुरू व्हिन्सेंट डी पॉल यांनी उपासनेत त्यांच्यासाठी आवाहन केले. दुपारी त्या घराच्या वाटेवर अन्न घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागली. व्हिन्सेंट यांना त्यात एक अडचण दिसली. आज आलेल्या अन्नातले बरेचसे नासून जाणार आणि दोन दिवसांनी तेच घर पुन्हा उपाशी राहणार. त्यांनी गावातल्या स्त्रियांना एकत्र करून पाळ्या लावल्या, एकेका दिवशी एकेकीची. त्यांच्यासाठी लिहिलेली नियमावली आजही वाचण्यासारखी आहे. जेवण घेऊन गेल्यावर आजाऱ्याशी आनंदाने बोलावे, पलंगावर फळी ठेवून त्यावर स्वच्छ कापड घालावे, हात धुवायला द्यावेत, जेवणाआधीची प्रार्थना म्हणावी, इतके बारकाईने त्यात सांगितले आहे. आणि एक ओळ प्रत्येक मंडळीने भिंतीवर लावावी अशी आहे: ज्यांच्याजवळ कोणीतरी आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्यांच्याजवळ जास्त वेळ बसता येते.

आता पाळ्या कशा लावायच्या ते. दोघांची जोडी करावी आणि एका जोडीकडे जास्तीत जास्त तीन घरे द्यावीत, दर आठवड्याला प्रत्येक घरी एक भेट. आठ माणसे असतील तर चार जोड्या आणि बारा घरे. याहून जास्त घरे घेतली की भेट म्हणजे नुसती हजेरी होते. एकट्याने जाऊ नये. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीही आणि जाणाऱ्याच्या निर्दोषपणासाठीही. जोडीत निदान एक जण रुग्णाच्या परिचयाचा किंवा त्याच्या वयाच्या जवळचा असावा. स्त्री रुग्णाकडे जाणाऱ्या जोडीत स्त्री हवीच. या सगळ्यांची वही सांभाळणारा एक माणूस वेगळा ठेवावा आणि त्याच्याकडे भेटीचे एकही घर देऊ नये. कोणी आजारी पडले, परगावी गेले, की बदली लावणे हे त्याचे काम. असा माणूस नसेल तर तिसऱ्या महिन्यात काम थांबते, कारण तोपर्यंत सगळा भार एकाच कनवाळू बाईच्या अंगावर येऊन पडलेला असतो आणि तिला ‘नाही’ म्हणता येत नाही.

वही साधी असावी: तारीख, कोण गेले, काय हवे होते, काय केले, पुढची तारीख. आजाराचा तपशील, घरातले वाद, पैशाची अडचण यांतले काहीही त्यात लिहू नये, कारण वही हातोहात फिरते. ‘पुढची तारीख’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. निघताना ‘येऊ हं पुन्हा’ असे मोघम बोलू नये. ‘गुरुवारी चार वाजता येतो’ असे सांगावे आणि चारला पोचावे. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. पडून असलेला माणूस त्या चारची वाट दोन वाजल्यापासून पाहत असतो. वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला उचलून उतारशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या, येशूने सांगितलेल्या दाखल्यात तेल, द्राक्षारस आणि पट्ट्या सगळ्यांच्या लक्षात राहतात. पण त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असेही सांगितले. परत येण्याचा शब्द हा त्या सेवेचाच भाग होता.

प्रत्यक्ष भेट वीस ते तीस मिनिटांची पुरते. आधी फोन करावा. स्वतःला सर्दी, ताप, जुलाब असतील तर जाऊ नये. उग्र वासाचे अत्तर लावू नये. गेल्यावर साबणाने हात धुवावेत. पलंगावर बसू नये, त्याने दुखणाऱ्या अंगाला हिसका बसतो. खुर्ची अशी ओढावी की आपले डोळे रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीला येतील आणि त्याला मान वळवावी लागणार नाही. उभ्या माणसाशी बोलताना आजाऱ्याला आपण तपासले जात आहोत असे वाटते. मोबाइल पिशवीत राहू द्यावा. फोटो तर नकोच, रुग्ण ‘काढा’ म्हणाला तरी नको. मिंधेपणातून दिलेली परवानगी खरी नसते.

मग बोलायचे काय? बार्तीमय आंधळा आहे हे समोर दिसत असूनही येशूने त्याला विचारले, ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?’ (मार्क १०:५१). हाच प्रश्न विचारावा. उत्तर अनेकदा अगदी लहान असते. चष्मा पुसून हवा असतो, खिडकी उघडायची असते, नखे वाढलेली असतात, कोणाला तरी पत्र लिहायचे असते. आपण मोठे काहीतरी करायला आलो आहोत अशा भरात ही मागणी ऐकूच येत नाही. ‘डॉक्टर काय म्हणाले?’, ‘रिपोर्ट कसे आले?’ हे प्रश्न टाळावेत. सांगायचे असेल तर तो स्वतःच सांगेल. दुसऱ्या कोणाच्या आजाराच्या हकिकती, घरगुती उपाय, ‘देव परीक्षा पाहतो’, ‘पापाचे फळ’, ‘तुमचा विश्वास कमी पडला’ ही वाक्ये तर दाराबाहेरच ठेवावीत. बायबलमधल्या दुःखाने ग्रासलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर ते उत्तम सोबती होते. कारणे सांगायला त्यांनी तोंड उघडले आणि तिथून सगळे बिघडले.

अंगाच्या सेवेविषयी एक मर्यादा पाळावी: नर्सने किंवा डॉक्टरने प्रत्यक्ष दाखवून दिलेलेच काम करावे. औषधाची मात्रा बदलू नये, गोळी बंद करायला सांगू नये, प्रार्थनेनंतर तर कधीच नाही. पण शिकून घ्यावे असे बरेच आहे. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, नितंबांच्या बाजू आणि खांद्यांची पाती रोज पाहावी लागतात. तिथे लाली दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती फिकी पडली नाही, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे आसपासच्या भागापेक्षा गरम, कडक किंवा काळपट झालेली जागा पाहावी. ती चोळू नये. चोळल्याने आतल्या दुखावलेल्या भागाला आणखी इजा होते. मधे भोक असलेली गोल उशीही खाली देऊ नये, कारण तिच्या कडांचा दाब पडून भोवतालचा रक्तपुरवठा कमी होतो. लाली दिसल्याचे त्याच दिवशी घरच्यांना आणि नर्सला सांगावे.

भरवायचे असेल तर पाठ ताठ करून बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, चमचा लहान घ्यावा, आणि आधीचा घास गिळल्याचे पाहूनच पुढचा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. भरवताना प्रश्न विचारू नयेत. उत्तर देण्याच्या नादात ठसका लागतो आणि घास श्वासनलिकेत जातो. पाणी पितानाही वारंवार ठसका लागत असेल तर थांबावे आणि डॉक्टरांना कळवायला सांगावे. लघवीची पिशवी असेल तर ती नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकू नये. कूस बदलताना नळी ओढली जाते, तेवढे सांभाळावे.

या सगळ्यात एक माणूस कायम नजरेआड राहतो, रुग्णाची काळजी घेणारा. बहुतेक घरांत ती बायको, मुलगी किंवा सून असते. लोक येतात, रुग्णाची विचारपूस करतात, ती दार उघडते आणि पुन्हा आत जाते. मंडळीला एकच गोष्ट देता येणार असेल तर तिला आठवड्यातून सलग दोन तास द्यावेत. जोडी रुग्णाजवळ बसेल आणि ती बाहेर जाईल, झोपेल, उपासनेला जाईल, काहीही करेल. दोन तासांचे काय केलेत, हे तिला विचारू नये. जाण्यापूर्वी एका कागदावर चारच गोष्टी लिहून घ्याव्यात: पुढचे औषध किती वाजता, काय खायला-प्यायला चालते, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, आणि ती स्वतः किती वाजता परतणार.

पैशाचे काम भेटीपासून अलग ठेवावे. जोडीने आपल्या हाताने पैसे देऊ नयेत, घेऊ नयेत, उसनेही देऊ नयेत. औषधांचे बिल मंडळीच्या निधीतून, दोन सह्यांनी, थेट दुकानाला चुकते करावे. मृत्युपत्र, बँकेचे कागद, घराच्या किल्ल्या, दागिने यांना हात लावू नये आणि साक्षीदार म्हणून सही करू नये. विश्वास कितीही असला तरी नंतर एक शंका उभी राहिली की भेटीचे सगळे कामच संपते आणि पुढच्या घरांची दारे बंद होतात.

प्रार्थनेबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. निघण्यापूर्वी जोडीने तीन मिनिटे शांत बसून रुग्णाचे आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन प्रार्थना करावी. मग घरी गेल्यावर लांबलचक प्रार्थनेची गरज उरत नाही. तिथे आधी विचारावे, ‘प्रार्थना करू का?’ आणि हो म्हटल्यास ‘कशासाठी करू?’ रुग्ण ‘झोप लागू दे’ म्हणाला तर झोपेसाठीच करावी, त्याच्या शब्दांत. दोन मिनिटे पुष्कळ झाली. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नये आणि घरातल्या भांडणाचा निकाल देवाला ऐकवू नये. हात धरायचा असेल तर विचारून धरावा. बायबलमधले स्तोत्र २३ सहा वचनांचे आहे, १२१ आठ वचनांचे, दोन्ही सावकाश वाचून दोन मिनिटांच्या आत होतात. रुग्ण रागावलेला, खचलेला असेल तर स्तोत्र ८८ वाचायला कचरू नये. ते अंधारातच संपते, आणि आपल्या मनातले देवापुढे इतक्या उघडपणे बोलता येते हे ऐकूनच कित्येकांना मोकळे वाटते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नवे शब्द धरता येत नाहीत, पण लहानपणी पाठ झालेली प्रभूची प्रार्थना किंवा जुने गीत अनेकदा तो आपल्याबरोबर म्हणू लागतो. तेव्हा आपण आवाज खाली आणावा आणि त्याला पुढे जाऊ द्यावे. बेशुद्ध माणसाजवळही तो ऐकतो आहे असे धरूनच बोलावे.

याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावे आणि त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी असे म्हटले आहे. बोलावणे आजाऱ्याकडून यायचे आहे, हे त्यातले विसरले जाते. ‘अमुक दिवशी बरे व्हाल’ असे वचन देण्याचा अधिकार कोणालाही नाही. ते खरे ठरले नाही तर रुग्ण स्वतःच्या विश्वासाला दोष देत मरतो, याहून क्रूर काही नाही. मंडळीच्या प्रार्थना-यादीत नाव घालायचेही रुग्णाला विचारूनच, आणि फक्त नाव. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणत आजाराची बातमी पसरवणे ही चुगलीच आहे. यादी वाढली की ती घाईघाईत वाचली जाते. म्हणून नावे सात दिवसांत वाटून द्यावीत आणि दर महिन्याला यादी तपासावी.

प्रार्थना चालू असताना कोणी मदतीला हाक मारली तर काय? व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपल्या संघातल्या सेवाव्रती भगिनींना सांगितले होते की, गरिबाला औषध नेऊन देण्यासाठी प्रार्थना सोडावी लागली तर ते देवाला देवासाठीच सोडणे होय. पण याचा अर्थ प्रार्थना कायम मागे टाकावी असा कोणी घेऊ नये. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली व स्त्रियांना विणकाम आणि छपाई शिकवली जात होती, आणि त्याच आवारात १९०५ साली प्रार्थनेतून मोठी आध्यात्मिक जागृती झाली. नुसते काम करणारी माणसे वर्षभरात कडवट होतात. येशू स्वतः पहाटे एकांतात जात असे (मार्क १:३५), आणि जेवायलाही सवड न मिळालेल्या शिष्यांना त्याने विसावा घ्यायला नेले (मार्क ६:३१). प्रत्येक जोडीला तीन महिन्यांनी एक आठवडा पूर्ण सुट्टी द्यावी आणि त्या आठवड्यात बदली जोडी पाठवावी.

आता सुवार्तेविषयी, कारण शंका तिथेच घेतली जाते आणि ती घेतली जाणे स्वाभाविक आहे. पडून असलेला माणूस आपल्यावर अवलंबून असतो. उद्या मदत थांबेल या भीतीने तो कशालाही हो म्हणू शकतो. अशा ‘हो’ला विश्वास म्हणता येत नाही, आणि तो मिळवणारा ख्रिस्ताची साक्ष देत नाही. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी जून २०११ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या निवेदनात हेच स्पष्ट सांगितले आहे की, प्रलोभने दाखवणे आणि गरिबीचा व गरजेचा फायदा घेणे यांना ख्रिस्ती साक्षीत जागा नाही. प्रत्येक भेट-गटाने ते एकत्र बसून वाचावे. व्यवहारात त्याचा अर्थ असा: घर कोणत्याही धर्माचे असो, पाळी तीच, वेळ तोच. उशीखाली पत्रके ठेवू नयेत. त्या घरी मोठ्याने प्रार्थना त्यांनी सांगितली तरच करावी, एरवी बाहेर पडल्यावर मनात करावी. मरणासन्न माणसाकडून घाईने काही वदवून घेऊ नये. आणि कोणी आपणहून विचारले, ‘तुम्ही का येता?’, तर उत्तर लपवू नये. दोन वाक्यांत, साधेपणाने सांगावे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने व आदराने द्या, असे आहे. त्यात आधी कोणीतरी विचारतो, मग आपण बोलतो. हा क्रम उलटा करू नये.

मृत्यू झाला की जोडीचे काम संपले असे बहुतेक ठिकाणी धरले जाते. दफनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेले असते. तीन आठवड्यांनी सगळे आपापल्या घरी गेलेले असतात आणि औषधांची रिकामी पाकिटे, कूस बदलायला घेतलेल्या उशा तशाच खोलीत असतात. ज्या बाईने चार वर्षे दर दोन तासांनी उठून कूस बदलली तिला रात्री दोनला जाग येतच राहते. वहीत त्या घराच्या नावापुढे तेव्हाच आणखी तारखा लिहून ठेवाव्यात: तिसरा आठवडा, तिसरा महिना, वर्षश्राद्धासारखा तो पहिला स्मरणदिन. तेवढ्या भेटींना त्याच जोडीने जावे, कारण शेवटच्या दिवसांत काय काय झाले ते त्यांना पुन्हा सांगावे लागत नाही.

नाताळच्या बातम्यांसोबत, संपादक महोदय, घरी राहून आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांना त्या आठवड्यात काय हवे आहे हे विचारणारा एखादा मजकूर आपण छापावा, अशी विनंती आहे. आणि ज्या मंडळ्यांना हे काम सुरू करायचे आहे त्यांनी चारच घरांपासून करावे. येत्या रविवारी उपासनेनंतर ज्यांची नेहमीची जागा बऱ्याच दिवसांपासून रिकामी आहे त्यांची नावे लिहून काढावीत, आणि त्यांतले जे घरात एकटे आहेत त्यांची पाळी दिवसाच्या शेवटी लावावी.

आपले नम्र,
घरोघरी रुग्णभेटीचे काम करणारे काही ख्रिस्ती कार्यकर्ते